मास्तरची सकाळची गोळी

माझ्या थोरल्या मावशीला घरात सगळे भित्री भागूबाई म्हणायचे, आणि त्यात कुणी फारसं खोटं बोलत नव्हतं. लिफ्टमध्ये ती एकटी चढत नसे. बेल वाजली की आधी दारामागून "कोण आहे?" विचारी, उत्तर आलं की "आणखी कोण आहे?" विचारी, आणि मगच साखळी काढी. अशा बाईने म्हातारपणी लोकांच्या रिकाम्या घरांत एकटीने राहायचं काम धरलं, याचं आम्हाला नवल वाटायचं.

कारण मात्र साधं होतं. मावशीने सगळा जन्म इस्पितळाच्या कपड्यांच्या कोठीत काढला. चादरी मोजून घ्यायच्या, घड्या घालायच्या, वॉर्डावार द्यायच्या. नोकरी संपली, काका गेले, आणि ती मुलाच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आली. मुलगा, सून, शाळेत जाणारी नात. सगळी चांगली माणसं. पण मावशीचं अंथरूण बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर, टीव्ही बंद झाल्यावर पडायचं. मग एकदा वरच्या मजल्यावरचे लोक गावाला गेले आणि मांजरांसाठी घरी राहाल का म्हणून तिला विचारलं. ती भीत भीत गेली. परत आल्यावर मला म्हणाली, "मी खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि कितीतरी वेळ नुसती त्या दाराकडे बघत बसले. मी लावलेलं दार होतं गं ते."

मग एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि तिला बोलावणी येऊ लागली. लोकांना ती आवडायची, कारण ती राहून गेल्याचा मागसुद्धा उरत नसे. कप विसळून पुसून जागच्या जागी. टॉवेल आपला आपण आणलेला, वाळला की पुन्हा बॅगेत. उशीवर डोक्याचा खळगा दिसेल तर शपथ. परक्याच्या घरात आपण पसरायचं नाही, हा तिचा बाणा. आणि दुसरा बाणा असा की फार विचारायचं नाही. दिव्यांचं मुख्य बटण कुठे आहे, गॅस कुठून बंद होतो, एवढं विचारून ती गप्प बसे. "जास्त विचारलं की लोकांना वाटतं, बाई चौकस आहे," असं ती म्हणायची.

दातांच्या डॉक्टरांच्या घरी ती गेली ती अशीच.

त्यांच्या मुलीचं बाळंतपण परदेशात होतं आणि दिवस भरायच्या बऱ्याच आधी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. फोन आला त्याच दुपारी डॉक्टरांच्या बायकोने मावशीला बोलावून घेतलं. पलंगावर उघडी बॅग, तिच्यात अर्धे कपडे, अर्धे जमिनीवर. 

"काकू, घर अगदी साधं आहे हो. फक्त हा मास्तर."

मास्तर म्हणजे स्वयंपाकघरातल्या गोधडीवर पडलेला म्हातारा कुत्रा. डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पांढरी वर्तुळं, म्हणून मास्तर. कान जवळजवळ गेलेले.

"त्याला फिट येते. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. या डब्यात आहेत. चुकवायची नाही, एवढंच बघा."

"आणि मागचं दार?" मावशीने विचारलं. स्वयंपाकघरातून मागच्या व्हरांड्यात उघडणारं दार होतं. त्याला आतून कडी नव्हती, नुसतं कुलूप.

"त्याची किल्ली ह्यांच्याकडे असते. तुम्हाला ते दार लागणारच नाही." बाईंनी समोरच्या दाराची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि डोळे पुसत गाडीत बसल्या. डॉक्टर दवाखान्यातूनच परस्पर विमानतळावर जाणार होते. मावशीने त्यांना पाहिलंही नाही.

मावशीचा रोजचा क्रम ठरलेला होता. सुनेची सकाळची पाळी असे, म्हणून नातीला शाळेत सोडायला मावशीच जाई. पहाटे उठायचं, मास्तरला पावाच्या तुकड्यात गोळी द्यायची, अंथरूण आवरायचं, मुलाच्या घरी जायचं, नातीची वेणी घालून तिला शाळेत सोडायचं, आणि भाजी वगैरे घेऊन दुपारच्या आत परत. रात्री ती मागच्या दाराला स्वयंपाकघरातलं टेबल लावून ठेवी आणि सकाळी निघताना पुन्हा जागेवर सरकवून ठेवी. लोकांच्या घरातली वस्तू हललेली दिसायला नको.

पहिले दोन दिवस ठीक गेले असं तिला वाटलं. तिसऱ्या दिवशी परत आली तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र होतं, नीट घडी केलेलं.

सकाळी निघताना ते फाटकाशी पडलेलं तिने पाहिलं होतं. उचललं नव्हतं. म्हणजे, उचललं नाही असं तिला वाटत होतं. घाईत आत आणून ठेवलं असेल, असं म्हणून तिने विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी मागच्या व्हरांड्यातल्या कुंड्यांची माती ओली. मास्तरचं पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं. त्याला वारा लागावा म्हणून स्वयंपाकघराची खिडकी तिने चार बोटं उघडी ठेवली होती, ती बंद करून खिटी लावलेली.

 भाजीची पिशवी तशीच हातात धरून ती घरभर फिरली. पलंगाखाली वाकून पाहिलं. न्हाणीघराचं दार पायाने ढकललं. कपाटं बंद, बाईंच्या चांदीच्या वस्तू काचेमागे जागच्या जागी, समोरच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं. मागच्या दाराची मूठ तिने ओढून पाहिली. बंद. आत कुणी आलेलं नव्हतं आणि काही गेलेलंही नव्हतं. उलट कुणीतरी कामं करून ठेवली होती.

"चोर असता तर बरं झालं असतं," ती नंतर मला म्हणाली. "चोराला ओरडता येतं. कुंड्यांना पाणी घालणाऱ्याला काय म्हणून ओरडू?"

त्या दुपारी ती जेवली नाही. खुर्ची भिंतीला टेकवून, पाठ झाकून, ती मास्तरशेजारी बसून राहिली. फ्रिज घुरघुरला तरी दचकत होती. भुताखेताचं तिच्या मनात येऊन गेलं, पण ते फार वेळ टिकलं नाही, कारण त्याहून वाईट एक गोष्ट मनात शिरली.

शेवटची काही वर्षं माझ्या आजीला, म्हणजे मावशीच्या आईला, मावशीनेच सांभाळलं होतं. आजीचंही असंच सुरू झालं होतं. केलेलं काम आठवायचं नाही. भाजीत दोनदा मीठ. कुंडीला पाणी घालून यायची आणि पुन्हा पाणी घालायला जायची. कुणी सांगितलं की चिडायची, मग घाबरायची, मग गप्प बसायची. आणि एके दिवशी तिने मावशीचा हात धरून अगदी आदराने विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" ते मावशी कधीच विसरली नाही. आपल्या आईसारखे डोळे आपले, आईसारखी बोटं आपली, तर डोकंही तसंच निघणार, ही भीती ती गेली कित्येक वर्षं उराशी बाळगून होती. कुणाला बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या घरी तिने सुनेला विचारलं, "आज डब्यात काय देऊ हिच्या?"

सून घाईत बूट घालत होती. "आई, आत्ताच विचारलंत ना. सांगितलं की, पाव-अंडं."

एरवी याला काहीच अर्थ नव्हता. असं दिवसातून दहादा सगळ्याच घरांत होतं. पण मावशीने ते सोडून दिलं नाही. नातीचा हात धरून शाळेकडे जाताना ती मनातल्या मनात सगळ्यांचे फोन नंबर म्हणत होती. मुलाचा, सुनेचा, माझा, इस्पितळाच्या कोठीचा जुना. नात विचारत होती, "आजी, तू काय पुटपुटतेस?"

"काही नाही गं. पाढे."

तिने मुलाला का सांगितलं नाही, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी मला घरी आणलं असतं. मग मी सोफ्यावर. सगळे माझ्याकडे बघत. मी काय उचलते, कुठे ठेवते ते. मी आईकडे तसंच बघायचे ना."

मग गोळ्यांची पट्टी तिच्या लक्षात आली. कोठीतल्या सवयीने ती पट्टी एका टोकापासून ओळीने रिकामी करत होती. संध्याकाळी डबा उघडला तर पट्टीच्या दुसऱ्या टोकाच्याही काही जागा फोडलेल्या. पट्टी हातात धरून ती दिव्याखाली गेली. फाटका चंदेरी कागद, मागे रिकामे खळगे. आपण असं दुसऱ्या टोकाकडून कधी फोडलं? का फोडलं?

आणि मास्तर बदलला होता. ती आली की तो निदान शेपटी आपटायचा. आता मान वर करायलाही त्याला वेळ लागे. उठला की मागचे पाय फरशीवर फाकत, घसरत. खाण्याकडे बघून तोंड फिरवी आणि पुन्हा झोपी जाई. त्याचं वय झालंय, असं ती स्वतःला समजावी, पण पट्टी आठवली की ते समजावणं पुरत नसे.

तिने उपाय काढला. सकाळी गोळी दिली की मनगटावरचं घड्याळ डाव्या हातातून काढून उजव्या हातात घालायचं. संध्याकाळी दिली की परत डाव्या हातात. म्हणजे घड्याळ कुठल्या हातात आहे ते पाहिलं की कळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी दिली, घड्याळ उजव्या हातात गेलं. दुपारी परत आली, घड्याळ उजव्याच हातात होतं. आणि दुसऱ्या टोकाची आणखी एक गोळी गेलेली होती.

ती स्वयंपाकघराच्या फरशीवरच बसली. म्हणजे घड्याळ बदलल्यानंतरही आपण पुन्हा गोळी दिली. ज्या डोक्यावर संशय, त्याच डोक्याने तपास करायचा, आणि ते डोकं सांगणार की मी काही केलं नाही. आजीही हेच सांगायची.

तिने डॉक्टरांच्या बायकोला फोन केला. कुणी उचलला नाही. थोड्या वेळाने एक फोटो आला. काचेच्या पेटीत एवढंसं बाळ, अंगभर नळ्या. खाली लिहिलं होतं, "अजून काही सांगत नाहीत डॉक्टर. तिकडे सगळं ठीक ना?"

मावशीने फोटो बराच वेळ पाहिला. मग लिहिलं, "इकडची काळजी करू नका." ते लिहिताना तिला रडू फुटलं.

पुढच्याच दिवशी दुपारी ती आली तेव्हा मास्तर गोधडीवर आडवा होता, डोळे अर्धे उघडे. तिने हाक मारली, हलवलं, तोंडाशी पाणी नेलं. पाणी ओठांवरून गळून गेलं. छाती हलत होती, पण मधेच इतकी थांबत होती की मावशी स्वतःचा श्वास धरून वाट पाही.

जनावरांचा डॉक्टर कोण, ते बाईंनी सांगितलं नव्हतं आणि हिने विचारलं नव्हतं. बाईंचा फोन लागेना. डॉक्टरांचा नंबर तिच्याकडे नव्हताच. मावशी तशीच अनवाणी शेजारच्या घराकडे धावली आणि जाळीचं दार बडवलं. एक टक्कल पडलेले गृहस्थ जाळीपलीकडे उभे राहिले.

"काय पाहिजे?"

"शेजारी डॉक्टरांकडे कुत्रा... त्याचा डॉक्टर कोण आहे? लवकर सांगा."

"तुम्ही कोण?"

"मी राहते तिथे. सध्या."

"तिथे कुणी राहत नाही सध्या. ते लोक परदेशात आहेत." त्यांनी दार उघडलं नाही. उलट जाळीची कडी नीट बसली आहे का ते पाहिलं. "किल्ली कुणी दिली तुम्हाला?"

"बाईंनी," मावशी म्हणाली. पण बाईंनी शेजारी तिच्याबद्दल सांगितलेलं नव्हतं. अनवाणी, केस सुटलेले, दम लागलेला, आणि ज्या घरात ती राहते म्हणते त्या घराच्या मालकिणीचा फोन लागत नाही, मालकाचा तर नंबरही तिच्यापाशी नाही. "त्या क्षणी मलाच वाटलं," ती म्हणाली, "की मी खरंच त्या घरात घुसलेली कुणीतरी आहे. किल्ली मला खरंच दिली होती का, ते मी मनात आठवून पाहिलं."

शेवटी ती एवढंच म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. या आणि कुत्रा बघा. मग पोलिसांना बोलवायचं तर बोलवा."

गृहस्थ आले. मास्तरला पाहून त्यांचा चेहरा बदलला. गोधडीसकट त्यांनी त्याला उचललं, आपल्या गाडीत मागे ठेवलं, आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टर तरुण होती. तिने मास्तरच्या पापण्या वर करून पाहिल्या, छातीला स्टेथोस्कोप लावला. "गोळ्या सुरू आहेत ना याला? किती देता?"

"सकाळ-संध्याकाळ एक."

"एकच?"

इथे मावशी गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. म्हाताऱ्या कुत्र्याचं काय, होतं असं. शेजारचे गृहस्थही मागेच उभे होते. पण ती म्हणाली, "मी जास्त दिल्या असतील."

"असतील म्हणजे? नक्की?"

"नक्की नाही. तेच सांगतेय. मला नक्की काहीच सांगता येत नाही. पट्टीतल्या गोळ्या कमी होताहेत आणि मला दिल्याचं आठवत नाही. माझ्या आईला विसरण्याचा आजार होता." हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर उच्चारलं.

डॉक्टरने तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं झालं सांगितलंत. नाहीतर फिट येऊन गेली समजून मी अजून गुंगीचं औषध दिलं असतं." मग ती भराभर कामाला लागली. सलाइन लावलं, मदतनिसाला काही आणायला पिटाळलं. मागे न वळताच म्हणाली, "आज याला इथेच ठेवते. काही सांगू शकत नाही. तुमच्या घरच्या कुणाचा नंबर द्या."

मावशीने मुलाचा नंबर सांगितला, एकही आकडा न अडखळता. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

मुलगा कामावरून थेट आला. तो रागावला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. तो तिच्याशी हळू आवाजात बोलू लागला, शब्द सुटे सुटे करून, जसं ती आजीशी बोलायची. "आई, काही हरकत नाही. होतं असं. उद्या सकाळी सामान भरून ठेव. मास्तर आता दवाखान्यात आहे, त्या घरात थांबायचं काही कारण नाही. पोरीला शाळेत मी सोडतो. मग तुला घ्यायला येतो. आणि आपण एका चांगल्या डॉक्टरला दाखवू."

"बरं," मावशी म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

सकाळी ती पहिल्यांदाच त्या वेळेला डॉक्टरांच्या घरी होती. बॅग भरून दाराशी ठेवली होती. टेबल जागेवर सरकवलं होतं. मास्तरच्या रिकाम्या जागेशेजारी स्टुलावर ती बसली होती, आपण आता पुन्हा कधी कुणाच्या घरी एकटं राहणार नाही, याचा विचार करत. स्वयंपाकघरात चांगलं ऊन आलं होतं.

मागच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

मावशी सांगते की तिला उठायचं होतं, पण ती स्टुलाला धरून बसून राहिली.  ओरडायला गेली तर बोबडी वळली. दार उघडलं आणि एक मध्यम वयाचा माणूस, काखेत वर्तमानपत्र, गुणगुणत आत आला. उंबऱ्याशी चपला काढल्या, सरळ गोळ्यांच्या डब्याकडे गेला, आणि "चला मास्तर," असं म्हणत वळला, तर समोर मावशी.

त्याच्या हातातून वर्तमानपत्र पडलं. तो मागच्या मागे दारावर आपटला.

"कोण... कोण तुम्ही?" तो म्हणाला.

मावशीच्या तोंडून कसाबसा आवाज निघाला. "तुम्ही कोण?"

"मी दातांच्या दवाखान्यातला. डॉक्टरांचा मदतनीस. मास्तरला गोळी द्यायला आलोय."

"कुठली गोळी?"

"सकाळची. डॉक्टर स्वतःच द्यायचे रोज सकाळी. जाताना मला सांगून गेले की रोज सकाळी डोकावून जा, गोळी दे, झाडांना पाणी घाल. रात्री झोपायला कुणीतरी बाई येतील म्हणाले होते. त्या तुम्हीच का? मला वाटलं तुम्ही पहाटेच जाता. कधी कप नाही, ताट नाही, काही दिसायचं नाही."

 मावशी म्हणाली, "पुन्हा सांगा."

"काय?"

"तुम्ही रोज काय काय करता, ते सगळं पुन्हा सांगा. सावकाश."

तो बिचारा गोंधळून सांगू लागला. फाटकातलं वर्तमानपत्र आत आणून ठेवतो. कुंड्यांना पाणी. मास्तरचं भांडं भरतो. खिडकी उघडी असली की मांजर शिरतं, म्हणून लावतो. गोळी देतो.

"पट्टीच्या कुठल्या टोकाची?"

"कुठल्या म्हणजे? हाताला येईल त्या."

मावशीने तोंडावर हात धरला आणि ती रडू लागली. तो माणूस जास्तच घाबरला. त्याने तिला पाणी दिलं, मग मास्तर कुठे आहे ते विचारलं, आणि उत्तर ऐकून स्वतःच मटकन खाली बसला. "म्हणजे सकाळी दोन जात होत्या त्याला," तो म्हणाला. "मी मारला असता त्याला."

"आपण दोघांनी," मावशी म्हणाली.

मुलगा घ्यायला आला तेव्हा आई आणि एक अनोळखी माणूस स्वयंपाकघराच्या फरशीवर समोरासमोर बसलेले त्याला दिसले. तिघं मिळून जनावरांच्या दवाखान्यात गेली. मास्तर जागा होता. उठला नाही, पण दातांच्या डॉक्टरांच्या मदतनिसाने नेहमीसारखा हात पुढे केला तेव्हा त्याने तो चाटला. डॉक्टर म्हणाली की दोन दिवस लागतील, पण निभावेल.

बाईंचा फोन दुसऱ्या दिवशी लागला. "अहो, मला वाटलं ह्यांनी तुम्हाला सांगितलं असेल," त्या म्हणाल्या. मागून डॉक्टरांचा आवाज आला, "मला वाटलं हिने सांगितलं असेल." मग दोघांचं तिकडेच जुंपलं. मावशीने त्यांना मधेच थांबवून विचारलं, "बाळ कसं आहे?" बाळाला त्या सकाळी पेटीतून बाहेर काढलं होतं.

ते दोघं परत येईपर्यंत मावशी त्याच घरी राहिली. मुलाने ठरवल्याप्रमाणे तिला मेंदूच्या डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी तिला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले, मधेच पाच वस्तूंची नावं सांगून शेवटी विचारली. सगळं ठीक निघालं. वयाच्या मानाने उत्तम, असं ते म्हणाले. मुलाच्या जिवात जीव आला, सुनेने सगळ्यांना फोन करून सांगितलं. मावशीचा विश्वास बसायला मात्र बरेच महिने गेले. टेबलावर घडी केलेलं वर्तमानपत्र दिसलं की कुणी ठेवलं ते ती विचारून घेई, मग ते सुनेने ठेवलेलं असो की नातीने. एकदा तिने मला विचारलं, "डॉक्टर आज ठीक म्हणाले. उद्याचं कुणी सांगितलं?"  मी तिच्याजवळ बसून राहिले.

पण तिने काम सोडलं नाही. काम करायची तऱ्हा मात्र बदलली. परवा एका नव्या घरी जायच्या आधी तिने मलाही सोबत नेलं. नवराबायको दोघंही नोकरी करणारे, महिन्याभरासाठी बाहेर जाणारे. बाई म्हणाली, "हे बाहेर गेलेत, मी सांगते ना सगळं."

"ते येईपर्यंत थांबते मी," मावशी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. ती इतकी ऐसपैस बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

नवरा आला. मावशीने दोघांना समोर बसवलं. आधी स्वतःचं सांगितलं. रक्तदाबाची गोळी घेते, रोज सकाळी नातीला सोडायला जाते, त्या वेळी घर रिकामं असतं, मुलाचा नंबर हा. शिवाय ती भित्री आहे, हेही सांगितलं. "मला घरातले आवाज आधी ऐकवून ठेवा. पाण्याचा पंप कसा वाजतो, कुठलं दार वाऱ्याने आपटतं. नाहीतर मी रात्रभर बसून राहीन." नवरा हसला, पण उठून त्याने पंप लावून दाखवला. मग आजारपण, डॉक्टर, शेजारी. शेजारी कोण, त्यांना माझ्याबद्दल सांगितलंत का, नसेल तर आत्ताच जाऊन ओळख करून द्या, माझं तोंड त्यांना दिसू दे.

"आणि तुम्हा दोघांव्यतिरिक्त या घराची किल्ली कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नाही," बाई म्हणाली.

नवऱ्याने मान खाजवली. "दादाकडे आहे एक."

"भावजींनी ती परत दिली होती ना?"

"देणार होता."

"म्हणजे दोन वर्षं त्यांच्याकडेच आहे?"

"अगं, तो काय येणार आहे का इथे..."

"मी मागच्या वेळी माहेरी गेले होते तेव्हा फ्रिजमधलं सगळं दूध संपलं होतं," बाई सावकाश म्हणाली. "तू म्हणालास, मी प्यालो. तुला तर दूध पचतही नाही."

 मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"फोन लावा दादांना," ती म्हणाली. "मी बसलेय."